खिडकीवाल्या गाईची वसुबारस

मी एक जुनी गाय आहे आणि माझ्या पोटाला खिडकी आहे. मित्रांनो, हसू नका, खरंच आहे. माझ्या डाव्या कुशीवर बशीएवढं गोल भोक आहे आणि त्याला काळं रबरी झाकण आहे. झाकण काढून आत हात घातला की मी काय खाल्लं आणि त्याचं पुढे काय झालं, ते कोणालाही बघता येतं. मला दुखत नाही. तरुण असताना डॉक्टरांनी भूल देऊन ते भोक पाडलं आणि जखम भरल्यावर मी ते विसरूनही गेले. माझं नाव क्लारा. रंग काळापांढरा, कपाळावर पांढरा चांद, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले.

माझा जन्म नेदरलँड्समध्ये, वाखनिंगन गावाबाहेरच्या एका संशोधनाच्या गोठ्यात झाला. इथे माझं काम म्हणजे खाणं. कोणता चारा खाल्ला तर माझ्या पोटात किती वायू होतो, हे माणसं तपासत असतात. आमच्या ढेकरांनी म्हणे जगाची हवा तापते. एवढी विमानं डोक्यावरून घोंघावत जातात, पण यांचं लक्ष माझ्या ढेकरांवर! असो. पण मान होता मला. शाळेच्या सहली यायच्या. मुलं माझी खिडकी बघून आधी किंचाळायची आणि मग मलाच हात लावायला रांग लावायची. मीही ऐटीत उभी राहायचे.

अशात एक दिवस वैदेही आली. ती पाच वर्षांची असताना आईबाबांबरोबर पुण्याहून इथल्या आल्मेरे शहरात आली होती. आता ती एका दगडात दोन पक्षी मारायला निघाली होती. गुरांची डॉक्टर व्हायचं आणि त्याच जोडीने संशोधनाची डॉक्टरेटही मिळवायची, असा तिचा जोडअभ्यास होता. सकाळी उत्रेख्त शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांचे पाय आणि घोड्यांचे दात बघायची आणि दुपारी माझ्याकडे यायची. डोळे झोपेने जड झालेले असायचे, पण नमुने घेताना तिचा हात कधी हलला नाही.

पहिल्या दिवशी तिने माझ्या खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढल्यावर दुसऱ्या, कोरड्या हाताने माझ्या कुशीला स्पर्श केला आणि तो हात आपल्या छातीला लावला. कोणाला चुकून पाय लागला की तुमच्याकडे करतात ना, अगदी तसा नमस्कार. माझ्या पोटात आजवर कितीतरी हात जाऊन आले होते, पण नमस्कार करणारा हा पहिलाच. त्या दिवसापासून मी तिची झाले.

ती माझ्याशी मराठीत बोलायची. आईशी फोनवर बोलताना ती अडखळायची, मध्येच डच शब्द घुसवायची, पण माझ्यापुढे तिची मराठी सरळ चालायची, कारण मी चुका काढत नसे. "क्लारा, मला जमेल ना गं?" असं ती कितीदा विचारायची. मी तिचा खांदा चाटायचे. माझ्या लेखी ते उत्तर होतं.

माझा आणि इतर काही गाईंचा मिळून मोठा प्रयोग सुरू झाला तेव्हा माझा प्रत्येक घास मोजलेला असायचा. ठरलेल्या चाऱ्याबाहेरचं एक सफरचंदही चालत नसे. हा प्रयोग नीट पार पडला की वैदेहीच्या डॉक्टरेटचा अवघड भाग संपणार होता. बिघडला तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. आणि नेमकी तेव्हाच वसुबारस आली.

आल्मेरेत मराठी घरं पुष्कळ, पण गाय एकाही दारात नाही. तिथल्या बायका दरवर्षी देव्हाऱ्यातल्या पितळी गायवासराची पूजा करतात. यंदा मात्र सगळीकडे बातमी पसरली, की सुमेधाच्या लेकीकडे खरी गाय आहे. सुमेधाताई म्हणजे वैदेहीची आई. पाहुण्यांना गोठा बघायची परवानगी होती. सुमेधाताईंनी जरीच्या साडीवर गोठ्याचा निळा झगा चढवला, पायांत रबरी बूट घातले आणि पूजेचं तबक घेऊन त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"अगं, हिचं वासरू कुठे?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"आई, इथे वासरू लगेच वेगळं ठेवतात. नॉर्मल आहे ते."

"वासराशिवाय कसली वसुबारस?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून ते पितळी गायवासरू काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "घे बाई, आजच्यापुरतं हे तुझं."

मित्रांनो, मला तीन वासरं झाली. त्यांच्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मी ते इवलंसं पितळी वासरू बराच वेळ हुंगत राहिले.

"हळदकुंकू ओके आहे," वैदेही म्हणाली, "पण खायला काहीही द्यायचं नाही. ट्रायल चालू आहे. सिरियसली, आई."

"बरं बाई, नाही देत."

तेवढ्यात फोन वाजला म्हणून वैदेही बाहेर गेली. सुमेधाताईंनी इकडेतिकडे बघितलं. "नैवेद्याशिवाय का कुठे पूजा होते? एकच घास हं, क्लाराबाई." त्यांनी डबा उघडला. भिजवलेले हरभरे आणि गूळ! मग पिशवीतून दुसरा डबा निघाला. "हा विशाखाचा, तिने मुद्दाम दिलाय. हा पूर्णिमाचा. वृंदाचा राहिला तर तिला काय वाटेल?" एकेक घास म्हणता म्हणता पाच घरचे पाच मोठे डबे रिकामे झाले. मी खाल्लं. मी गाय आहे. पुढ्यात गूळ आल्यावर मला प्रयोग आठवत नाही.

वैदेही परत आली आणि रिकामे डबे बघून जागच्या जागी थांबली. "आई! काय केलंस तू हे?"

"अगं, गूळ-हरभरेच तर दिले. नैवेद्याने कधी कोणाचं वाईट झालंय का?"

वैदेहीने आईला घाईघाईने बाहेर नेलं. मग ओल्या फडक्याने माझ्या कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं. पण पांढऱ्या केसांवरचं कुंकू पूर्ण निघत नाही, गुलाबी डाग राहिलाच.

दुसऱ्या दिवशी माझं पोट ढवळून निघालं होतं. वैदेहीने खिडकी उघडली तर आंबूस फेस वर आला. तिने हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. तळव्यावर टपोरे फुगलेले हरभरे होते. ती ते बघत उभी राहिली. मग नळाखाली हात धरून तिने सगळे हरभरे मोरीत सोडून दिले. तरीही मला वाटत होतं की ही सांगेल. ज्या मुलीने गाईच्या पोटाला नमस्कार केला, ती खोटं कशाला बोलेल?

थोड्या वेळाने तिच्या मार्गदर्शक हेस्टरबाई आल्या. वायू मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिला बाहेरचं काही खायला मिळालं होतं का?" त्यांनी स्वच्छ विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

वैदेहीचा हात माझ्या पाठीवर होता.

"नाही," ती म्हणाली. "हिचं पोट मधूनमधून असंच बिघडतं. आधीही मला शंका आली होती."

आधीही! मित्रांनो, माझं पोट त्याआधी एकदाही बिघडलं नव्हतं. माझ्या पोटातलं साऱ्या जगाला दिसतं, पण माणसांच्या पोटात एक आणि ओठावर दुसरंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिने माझा केसाने गळा कापला. आणि तिचा हात तसाच होता, माझ्या पाठीवर, नेहमीसारखा उबदार. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तिने खरं सांगितलं असतं तर तिच्याच देखरेखीत नियम मोडला म्हणून सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला असता आणि तिचं एक वर्ष गेलं असतं. खोटं सांगितल्यामुळे प्रयोग इतर गाईंवर पुढे चालू राहिला आणि फक्त मी बाद झाले. माझं पोट दोन दिवसांत ठणठणीत झालं, पण एकदा नासकं ठरलेल्या पोटाला कोण विचारतो? खिडकीवाली गाय दुसऱ्या गोठ्यात चालत नाही. दुभती म्हणून कोणी नेत नाही. मला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं. गरज सरो, वैद्य मरो अशी तुमच्याकडे म्हण आहे. इथे वैद्यीणबाई पास होणार आणि गाय मरणार.

परवा माझ्याजवळ उभी असताना तिला आईचा फोन आला. सुमेधाताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "क्लारा कशी आहे गं? पुढच्या वर्षी आम्ही सगळ्याजणी येणार हं तिच्याकडे."

"छान आहे, आई," वैदेही म्हणाली. तिने फोन ठेवला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. मी या वेळी तिचा खांदा चाटला नाही.

आज सकाळी हेस्टरबाई आल्या, बरोबर डॉक्टर होते. मी त्या अनोळखी डॉक्टरांना बघून मागे सरले. "वैदेही, दोर तू धर," बाई म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

आता दोर तिच्या हातात आहे आणि मी तिच्यामागून चालते आहे. तिने निघताना माझ्या कपाळावरच्या गुलाबी डागावरून अंगठा फिरवला. मग कुशीला हात लावून छातीला लावला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. मित्रांनो, गाईला देव म्हणा किंवा म्हणू नका. तिला कुंकू लावा किंवा लावू नका. पण ज्या मुक्या जिवाच्या पाठीवर तुम्ही हात ठेवता, त्याच्याबद्दल कोणी विचारलं तर खरं सांगा. त्याला स्वतःला सांगता येत नाही हो.

इंजेक्शनच्या खोलीचं दार थोडंसं पुढे आहे. हेस्टरबाई शेजारूनच चालताहेत. वैदेही, अजून वेळ आहे. मला तुझा नमस्कार नको. त्यांनी विचारलं होतं ना, हिला काही खायला मिळालं होतं का म्हणून? फक्त "हो" म्हण.