सोनेरी कार्ड आणि मागच्या कप्प्यातला मी

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माझा रंग निळा, कडा झिजलेल्या, मागची सहीची पट्टी पार पुसट. माझ्या गोष्टीत एक दुसरे कार्डही आहे, सोनेरी. त्याचे नाव निघाले की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझा जन्म एका यंत्रात झाला. कोऱ्या प्लास्टिकवर आकडे उमटले, बारीकशी चिप बसवली, आणि पाकिटात घालून मला एका चष्म्याच्या दुकानात धाडण्यात आले. दुकानाच्या मालकीणबाईंना गल्लीत सगळे चष्मेवाल्या बाई म्हणत. दर काही वर्षांनी माझी मुदत संपते. मग बँक मला नवे अंग पाठवते आणि बाई जुन्या अंगाचे कात्रीने तुकडे करतात. माझा नंबर मात्र तोच राहिला, म्हणून मीही तोच राहिलो.

ते दिवस सुखाचे होते. बाईंच्या पर्समध्ये पहिला कप्पा माझा. घाऊक व्यापाऱ्याकडून काचा आणायच्या, फ्रेमा आणायच्या, काच घासायच्या यंत्राचा पट्टा बदलायचा, सगळ्याला मी. प्रत्येक खरेदीमागे मी थोडीशी रक्कम परत मिळवत असे. तिला कॅशबॅक म्हणतात. ती इतकी किरकोळ असे की बाईंनी कधी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती बँकेत नुसती साठत राहिली. बाईंची शिस्त एकच. बिल आले की ते पूर्ण भरायचे. व्याज म्हणजे काय, हे मला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते. "माझं निळं कार्ड गुणी आहे हो," असे त्या एकदा व्यापाऱ्याला म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

बाईंची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहत असे. दोघींची भेट होऊन बरीच वर्षे झाली होती. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हते आणि ताईंचा फोन आला.

"डॉक्टर म्हणाले, नजर कमी होत जाणार," ताई म्हणाल्या.

"नंबर वाढलाय का? मला कागद पाठव, मी काचा करून धाडते."

"काचांनी होण्यातलं नाही गं ते. आतला पडदाच वाळत चाललाय. अजून माणूस जवळ आलं की चेहरा कळतो. पुढचं काही सांगता येत नाही."

सगळ्या गल्लीला चष्मे लावणारी ती बाई हातातली फ्रेम नुसती पुसत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी येते."

म्हणाली खरी, पण विमानाचे तिकीट फार महाग होते. त्याच आठवड्यात वाचायचा चष्मा करून घ्यायला एक गृहस्थ आले. त्यांचा धंदा विमानाची तिकिटे काढून देण्याचा, म्हणून त्यांना मी तिकीटवाले म्हणतो. बाईंनी त्यांना भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला आणि वर एक युक्तीही सांगितली.

"तुम्ही प्रवासाचं कार्ड का घेत नाही? खर्चावर पॉइंट मिळतात, पॉइंटांवर तिकीट. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केलात तर वरून घसघशीत पॉइंट देतात. वर्षाची फी तेवढी बघून घ्या."

"आणि हे?" बाईंनी मला वर काढून दाखवले.

तिकीटवाल्यांनी मला उलटेसुलटे केले. "हे बंद करू नका. याला फी नाही, आणि इतकं जुनं कार्ड असलं की बँकेत पत चांगली राहते. पण प्रवासाला हे काय कामाचं?"

काय कामाचे! मित्रांनो, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर हे ऐकायचे माझ्या नशिबी आले.

पंधरवड्यात सोनेरी कार्ड आले. मखमली डबीत आले, जणू लग्नाची अंगठीच. बाईंनी मला पहिल्या कप्प्यातून काढले आणि मागे सरकवले, धोब्याची पावती आणि वाचनालयाचे ओळखपत्र यांच्या मधे. पहिल्या कप्प्यात ते बसले. त्याला यंत्रात खुपसावेही लागत नसे. नुसते जवळ नेले की काम फत्ते. दुकानदार म्हणत, "वा, हे कार्ड आहे होय तुमच्याकडे!" मला पाहून असे कोणी कधी म्हटले नव्हते. अंधारात मी त्याची चाहूल घेत असे आणि मनातल्या मनात त्याचे तुकडे करीत असे.

बाई जपून होत्या. जो खर्च एरवी होणारच होता, काचा, वीज, किराणा, तेवढाच त्या सोनेरीवर घालत. पण त्याच खात्यावर त्यांच्या यजमानांसाठीही एक कार्ड आले होते. यजमान शाळेत खेळ शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत. सर मनाने फार चांगले, पण उत्साह असा की धरून ठेवावा लागे. ठरावीक खर्चाचा आकडा अजून दूर आहे आणि तीन महिने सरत आले आहेत, हे त्यांना कळले. बाईंना न सांगता ते बाजारात गेले आणि घरात चालायचे एक अवजड यंत्र घेऊन आले. मग नवा फोन घेतला. मग बूट, आणि त्यानंतर आणखी बूट.

"हे सगळं कशाला?" बाईंनी विचारले.

"अगं, हप्त्याहप्त्यानं होईल. आणि तब्येतीला चांगलं असतं ते," सर म्हणाले आणि यंत्रावर चढून चालू लागले. ते फार वेळ चालले नाहीत.

पॉइंटांचा डोंगर साचला. सोनेरीचा तोरा तर विचारू नका. पण बिल आले तेव्हा "या कार्डाचं मी बघतो," म्हणून सरांनी ते स्वतःच्या फोनवर गुपचूप उघडले आणि तळाशी लिहिलेली सगळ्यात लहान रक्कम तेवढी भरली. पुढच्या महिन्यातही तेच केले.

एका सकाळी बाई एका मुलीच्या डोळ्यांमधले अंतर मोजत होत्या. तेवढ्यात बँकेचा निरोप आला. त्यांनी तो वाचला, मोजपट्टी खाली ठेवली आणि मुलीच्या आईला म्हणाल्या, "जरा थांबा हं." आत जाऊन त्यांनी पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ठेवून दिला. व्याज लागले होते, आणि तेही उरलेल्या रकमेवरच नव्हे, नव्या खरेदीवरसुद्धा. पॉइंटांतून जे मिळणार होते ते व्याज गिळत चालले होते.

खरे सांगू? मला आनंद झाला. सोनेरीचे पितळ उघडे पडले, असे मला वाटले.

त्या दिवशी स्वयंपाकघरात दोघे समोरासमोर बसले. पर्स टेबलावर उघडी होती.

"किमान रक्कम भरली म्हणजे झालं, असं वाटलं तुम्हाला?"

"बँकच लिहिते ना तसं. किमान भरा म्हणून."

"बँकेला तेच हवं असतं! अहो, पॉइंटासाठी आपण वस्तू घेतल्या, आणि आता त्या वस्तूंवर व्याज भरतोय. मिळवलं काय आपण?"

सर खाली बघत म्हणाले, "तुला ताईंकडे पाठवायचं होतं. तिकीट हातात ठेवून चकित करायचं होतं. तू रोज फोन ठेवल्यावर तशीच बसून राहतेस, ते बघवत नाही मला."

बाईंचा आवाज उतरला. "मग मला विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीटवाल्यांना फोन केला. यंत्र दुकानात परत द्यावे का, असे विचारले.

"परत केलंत तर त्याचे पॉइंटही परत जातील," ते म्हणाले. "त्यापेक्षा बाहेर विका. थोडं नुकसान सोसा, पण आधी बिल फेडा. आणि ते निळं कार्ड होतं ना तुमचं, त्याची कॅशबॅक कधी काढली होतीत?"

"कधीच नाही."

"कधीच नाही? कमाल करता! बघा की काढून!"

बाईंनी पाहिले आणि त्या खुर्चीत बसल्याच. थेंब थेंब करत मी साठवलेली रक्कम चांगलीच मोठी झाली होती. त्यांनी मला मागच्या कप्प्यातून काढले, हातरुमालाने पुसले आणि सरांना म्हणाल्या, "बघा, याच्याकडे आपण बघितलंच नाही." मित्रांनो, त्या क्षणी सोनेरी कार्ड शेजारीच पडले होते. त्याने ते ऐकले असेल, अशी मला फार आशा आहे.

पण माझा आनंद टिकला नाही. सरांनी यंत्र एका व्यायामशाळेला विकले. ते पैसे आले, त्यात माझी आयुष्यभराची कमाई घातली गेली, आणि सगळे मिळून कोणाचे बिल फिटले? सोनेरीचे! मी पै पै जोडायची आणि सवतीचे कर्ज फेडायचे. व्याज थांबले, पॉइंट वाचले, आणि त्याच पॉइंटांवर बाईंचे तिकीट निघाले. जो तो म्हणाला, "वा, सोनेरी कार्डावर तिकीट मिळालं!"

निघायच्या दिवशी बाईंनी पर्स आवरली. परदेशात माझ्यावर जादा आकार लागतो, सोनेरीवर लागत नाही. म्हणून त्यांनी मला काढून सरांच्या हातात दिले. "किराणा याच्यावर घ्या. आणि बिल पूर्ण भरा."

"पूर्ण भरतो," सर म्हणाले, अगदी शाळेतल्या मुलासारखे.

सोनेरी विमानात बसले. मी सरांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलो. दोन दिवसांनी सर दुकान सांभाळत असताना बाईंचा फोन आला, आणि पलीकडे चाललेले खिशातून मला सगळे ऐकू आले.

"अशी उजेडात ये बघू," ताई बाईंना म्हणत होत्या. "अजून जवळ ये. अगं, केस पिकले की तुझे! आणि ही फ्रेम कसली घातलीस? तोंडाला जरा तरी शोभते का? म्हणे चष्म्याचं दुकान आहे!"

बाई हसत सुटल्या. ताईही हसल्या. मग दोघींचे हसणे मधेच तुटले आणि थोडा वेळ फक्त नाके ओढल्याचे आवाज येत राहिले. सरांनी काउंटरकडे पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभे राहिले. गिऱ्हाईक आले होते, तेही थांबले.

त्या खोलीत, त्या दोघींजवळ, सोनेरी कार्ड होते. मी नव्हतो. याचा हेवा माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो जाईल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती आमच्यापैकी कोणीतरी येईल. तेव्हा या जुन्या कार्डाचे एवढे ऐका. बक्षिसासाठी खरेदी करू नका. जी खरेदी होणारच आहे, तिच्यावर मिळेल ते बक्षीस घ्या. बिल पूर्ण भरा. आमच्यापैकी चकाकणाऱ्याला डोक्यावर चढवू नका आणि जुन्याला मागच्या कप्प्यात विसरू नका. आणि साठवलेले वेळेवर वापरा. पॉइंटांची मुदत संपत आली की बँक तसे कळवते. डोळ्यांची मुदत संपत आली तर कोणी कळवेलच असे नाही.