पौषातलं शेवटचं पिंप

उज्वलेला रीतभात म्हणून नाही, हे चंद्रभागेनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. नवऱ्याचं तेरावं आटोपलं न आटोपलं तोच ही बाई पदर खोचून गुऱ्हाळाच्या शेडात उभी. बरं, नुसती उभी नाही. हमालांना दटावतेय, पिंपं सरकवून घेतेय, अंबडच्या कारखान्याशी फोनवर बोलतेय. डोळ्याला टिपूस नाही. लोकांच्या सुना सकाळी उठून देवापुढं जातात, ही आधी शेडात जायची, दार आतून ओढून घ्यायची आणि थोड्या वेळानं हात पुसत बाहेर यायची. "मालावर जीव हाय तिचा, माणसावर नव्हता," असं चंद्रभागा आल्यागेल्याला ऐकवायची, आणि ऐकवायची ते सुनेच्या कानावर पडेल अशा बेतानं.

तरी हे सगळं तिनं पोटात घातलं असतं. एक गोष्ट मात्र घालता येत नव्हती. पौषात भल्या पहाटे उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीपाशी तिचा योगेश छातीला हात लावून खाली बसला, तेव्हा त्याला टेम्पोत घालून नाशिकला नेलं ते तिनं आणि धाकट्या किशोरनं. बायको मागंच राहिली. काहिलीपाशी. दवाखान्यात ती उगवली तेव्हा त्याच्या अंगावर चादर ओढून झाली होती. नवरा जातोय आणि बाईला काकवीची पडलीय! त्या दिवसापासून सासू सुनेशी कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडं बघून.

त्या दिवशीची काकवी भरलेलं पिंप शेडाच्या कोपऱ्यात तसंच होतं. त्यांच्या गुऱ्हाळाची जुनी पद्धत अशी, की पिंप धुऊन सुकलं म्हणजे काहिलीवर बसणाऱ्यानं त्यावर चुन्याचा पंजा उठवायचा आणि मगच भरायला घ्यायचं. उद्या माल बिघडला तर कुणाच्या हातचा ते कळावं, कुणी अंग झटकू नये. चंद्रभागेचा नवरा पुंजा असेतोवर पंजा त्याचा असायचा, त्याच्यामागं योगेशचा. त्या पहाटेही योगेशनं पंजा उठवला होता, रोजच्यासारखा, जरा वाकडाच. बाकीचा माल विकला गेला, पण ह्या पिंपाला हात लावायचा नाही असं चंद्रभागेनं बजावून ठेवलं होतं. लेकाच्या हातचं शेवटचं. वर्षश्राद्धाला त्यातलीच काकवी पानात वाढायची, असं तिनं ठरवलं होतं.

आणि आज चैत्राचं ऊन तापायला लागलं तोच उज्वलेनं ते पिंप बाहेर काढलं.

चंद्रभागा अंगणात आली तेव्हा टेम्पोला फळी लागली होती. टेम्पोवाला गोरक्ष आणि किशोर पिंप कडेवर तिरकं करून गोल फिरवत फळीकडं आणत होते.

"ए! ठेव! ठेव खाली ते!"

गोरक्ष जागीच थबकला. "मोठ्या आई, वहिनींनी सांगितलं म्हणून—"

"वहिनीनं सांगितलं तर तू मला पण टेम्पोत चढवशील व्हय रे? कुठं निघालं हे?"

"अंबडला," उज्वला शेडाच्या दारातून म्हणाली. "लोणच्याच्या कारखान्यात. सिरका करायला."

"सिरका!" चंद्रभागेचा आवाज चिरकला. "माझ्या लेकाच्या हातच्या काकवीचा सिरका? नासक्या मालाचा करतात गं सिरका. का तुला ठावं नाय? एवढं घाईनं निस्तरायचं होतं तर मला पण दे त्यात बुडवून."

"आत्याबाई, ऊन वाढतंय. ठेवण्यात अर्थ नाही."

"तुला कशातच अर्थ नाय. तो गेला तेव्हा तरी कुठं दिसला तुला अर्थ?"

किशोर दोघींच्या मधे आल्यासारखा झाला. "आई, ऊन लागंल, तू घरात चल. ते परत आत ठेवतो, बास?" त्यानं गोरक्षला खूण केली आणि दोघांनी पिंप पुन्हा कडेवर तिरकं केलं.

तेव्हा तो आवाज आला. डचमळल्याचा.

चंद्रभागेनं कान दिला. लग्न होऊन आल्यापासून तिनं ह्याच अंगणात पिंपं फिरताना ऐकली होती. काकवीचं भरलेलं पिंप मुकं असतं. आत दाट माल, तो हलतो तोही जडपणानं, आवाज न करता. हे पिंप पाण्याच्या माठासारखं डचमळत होतं.

"थांब," ती म्हणाली. "उभं कर. बूच काढ."

"आई..."

"काढ म्हणते ना!"

किशोरनं बूच पिळलं तसा आतून फुस्स करून वारा सुटला आणि पांढरट फेस भोकातून वर आला, पिंपाच्या पोटावरून ओघळला, चुन्याच्या पंजाच्या बोटांवरून खाली धुळीत उतरला. आंबूस, डोक्यात जाणारा वास पसरला. चंद्रभागेनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं. आंबट. पातळ. नुसता रस होता तो, जेमतेम उकळी फुटलेला. दाटपणाच्या कितीतरी अलीकडं कुणीतरी काहील उतरवली होती.

योगेशनं आयुष्यात असा माल उतरवला नव्हता.

मग पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं सुनेच्या तोंडाकडं बघून विचारलं, "कधी उतरवली?"

"तुमचा टेम्पो फाटकाबाहेर पडला तेव्हा."

"मग थांबली कशाला तू?"

"त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना उचलत होता ना, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, काहील बघ. जाळ तसाच होता, माणसं सैरभैर झालेली, कुणी भाजलं असतं. मी जाळ बाहेर ओढला, गड्यांना म्हटलं उतरवा, काय व्हायचं ते होऊ दे. आणि पळाले. हायवेपर्यंत पळतच गेले, आत्याबाई. कुणी गाडी थांबवेना. मागं गड्यांनी तेच गार करून ह्या पिंपात भरलं, त्यांना काय माहीत. नंतर गडी आपल्या गावी, सुरगाण्याला निघून गेले."

"आणि तू मला सांगितलं नाय."

"पंजा त्यांचा आहे त्याच्यावर. त्यांच्या हातचा माल कधी बिघडला नव्हता. शेवटचं पिंप नासलं असं कुणी म्हणायला नको होतं मला. म्हणून रोज सकाळी बूच ढिलं करून वारा सोडत होते. आता उन्हानं ऐकेना."

आणि मग उज्वला रडली. उभ्याउभ्याच, तोंडावर हात न घेता, लहान पोर रडतं तशी. गोरक्ष टेम्पोच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

चंद्रभागा पिंपाला टेकली. वर्षश्राद्धाला पानात वाढायला आता काही नव्हतं. फेस अजून ओघळतच होता, पायाखालची माती चिकट झाली होती, माश्या यायला लागल्या होत्या. तिच्या मनात आलं, हिनं तिथं उभं राहून नीट शिजवली असती तर पिंप मुकं राहिलं असतं, आणि आपणही.

"टेम्पोत काही बोलले का ते?" उज्वलेनं विचारलं. इतके दिवस तिनं हे विचारलं नव्हतं.

ते चंद्रभागेनं कुणालाच सांगितलं नव्हतं, किशोरलाही नाही. तो गाडी चालवत होता. सुनेला सांगायचं नाही असं तर तिनं शपथेसारखं धरलं होतं.

"नाशकात द्वारकेच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या," ती म्हणाली. "डोळे उघडले त्यानं. मला म्हणाला, उज्वला कुठंय. मी म्हटलं, येतीय मागून."

उज्वला त्या चिकट मातीतच बसली. चंद्रभागेनं तिला उठवलं नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. पदरानं बोट पुसलं आणि किशोर आणि गोरक्ष दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात ती सुनेला म्हणाली,

"सगळं पिंप नासवलंस गं उज्वला. माझ्या लेकाच्या पंजाखाली कच्चा माल भरला गेला, तुझ्यामुळं. बरं केलंस. नीट शिजवून आली असतीस ना, तर मी मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणी प्याले नसते."