न वाचलेली फाईल

"पोतं बांधून झालंय हो बाई, आता काय शोधायचं?" असं कुरकुरतच भिंगवाल्यांनी पोत्याची सुतळी सोडायला घेतली.

पोलीस कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे हे कारकून. मुदत संपलेल्या फायली दर वर्षी पोत्यात भरून कापायला पाठवायच्या, हे त्यांचं काम. पण खोड अशी, की त्याआधी प्रत्येक फाईल भिंग लावून वाचायची. कोणाची सायकल कोणी पळवली, कोणत्या शेजाऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडली, सगळं तोंडपाठ. यंदा मात्र निवृत्तीच्या गडबडीत शेवटचा गठ्ठा न वाचताच पोत्यात गेला होता.

समोरच्या चाळिशीच्या बाईंनी चौदाव्या वर्षी शिकवणीच्या सरांविरुद्ध तक्रार लिहून दिली होती. घरच्यांनी ती दाबली आणि खटला भरायची मुदत टळून गेली. त्याच तक्रारीची फाईल त्यांना हवी होती.

"खटल्याची मुदतच काढून टाकणार म्हणे आता. पेपरात आलंय," बाई म्हणाल्या.

"निघेल तेव्हा निघेल. तोवर कागद तर राहायला हवा ना!" मग भिंगवाल्यांना राहवेना. "पण इतकी वर्षं का नाही आलात?"

"आईनं शपथ घातली होती, मी असेपर्यंत हा विषय काढू नकोस. मागच्या महिन्यात गेली ती." बाईंचा आवाज कोरडा होता. "आई जायची वाट कोण बघतं हो? तरी सगळे हेच विचारणार, इतकी वर्षं कुठे होतीस?"

भिंगवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली.

फाईल सापडली. वर तक्रारदाराच्या रकान्यात गोल, ठसठशीत अक्षरात नाव. "माझंच अक्षर," म्हणत बाई त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"हे बघा, कोणी अर्ज करून मागितलेली फाईल वर्षभर कापता येत नाही. आजवर कुणी हा नियम वापरला नाही, पण मी वाचलाय. दर वर्षी याच महिन्यात या, नवा अर्ज द्या. मी नसेन, पण अर्ज असला की हिला हात लावायची कोणाची टाप नाही."

"कारण काय लिहू?"

"लिहा काहीही. वाचतंय कोण?"

बाईंनी लिहिलं, 'मला हवी आहे.'

त्या गेल्या. फाईल टेबलावर होती आणि भिंग हाताशीच. काय लिहिलं असेल त्या पोरीनं? भिंगवाल्यांचा हात भिंगाकडे गेलासुद्धा. मग त्यांनी ते खणात टाकलं, अर्ज सगळ्यांत वर ठेवला आणि न उघडताच फाईलला नवी सुतळी बांधली.