मागच्या खोलीची धास्ती

मधुमतीबाईंना मरणाची भीती नव्हती, मागच्या खोलीची होती. लखनौच्या अलीगंजमधल्या म्हाताऱ्यांच्या त्या डे-केअरमध्ये पुढच्या हॉलात खुर्च्या, रेडिओ, गप्पा आणि सकाळचा व्यायाम. मागे नुसत्या खाटा. हात न टेकता खुर्चीतून उठता येईनासं झालं की माणसाची रवानगी मागे. जळगावच्या यमुनाबाई दिवाळीनंतर तिकडे गेल्या आणि एवढी बोलकी बाई छताकडे बघत पडून राहू लागली. तेव्हापासून ते दार नुसतं दिसलं तरी मधुमतीबाई मान फिरवत.

आणि आता पाळी त्यांची होती. व्यायाम घेणाऱ्या सरोजने काल हळूच सांगितलं होतं, "अम्माजी, कल एक बार और देखेंगे. नहीं हुआ तो पीछे आराम कीजिएगा." पोरगी गोड बोलायची, पण त्या गोडव्यानेच बाईंची झोप उडाली.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. जन्मभर त्या नऊवारीत वावरल्या. मुलगा चंद्रशेखर इथल्या संशोधन संस्थेत लागला, त्याच्याबरोबर त्या लखनौला आल्या आणि कॉलनीतल्या बायका लुगड्याकडे टकमका बघू लागल्या. मग सुनेने, कल्पनाने, हौसेने गोल साड्या आणल्या. सत्त्याण्णव सालच्या थंडीत न्हाणीघरात त्याच साडीचा घोळ पायाखाली आला आणि बाई आपटल्या. सगळे म्हणाले, आता पाय गेले. सुनेच्या कौतुकावर खापर कसं फोडायचं? बाईंनीही मान डोलावली. पुढे पुढे त्यांनाच ते खरं वाटू लागलं. उठायचं म्हटलं की आधी तो घोळ आठवायचा आणि हात आपोआप खुर्चीला टेकायचे.

त्या सकाळी त्यांनी ट्रंकेतलं लुगडं काढलं. कल्पना दारात येऊन थांबली. हे कशाला, म्हणाली.

"आज उठायचंय मला. त्या साडीत पाय अडकतो गं. पडले तेव्हाही तीच पायात आली होती."

कल्पनाचा चेहरा उतरला. तिने मागून कासोटा घट्ट करून दिला.

हॉलात दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंचं लक्षच नव्हतं. सरोजने हाताची घडी घालायला सांगितली. त्यांनी पावलं मागे घेतली, पायात काही आलं नाही. पुढे झुकल्या आणि भीती तशीच असताना उठल्या. डुलल्या, पण पडल्या नाहीत. सरोजने बसवून पुन्हा उठायला लावलं.

"बस अम्माजी. आप यहीं रहेंगी."

बसायचं सोडून त्या चालत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. का, ते त्यांनाही कळेना. आत खाटेवर मॅक्सी घातलेल्या यमुनाबाईंनी मान वळवली आणि बराच वेळ त्या कासोट्याकडे बघत राहिल्या.

"माझंही लुगडं आहे एक पेटीत," त्या म्हणाल्या. "नेसवाल मला?"

ही पडली तर? मधुमतीबाईंच्या मनात आलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"उद्या घेऊन या," त्या म्हणाल्या.