दोन तारांवरचा सूर

घाबरू नका. कुणी पट्टी दाबलेली नाही, मी आपणहून बोलतोय. मी पियानो. एका संगीतशाळेच्या सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या अंगाला उभा असतो. पाय तीन आहेत, पण चालता येत नाही. आवाज मोठा आहे, पण स्वतःहून तोंड उघडायची सोय नाही. आज उघडलं आहे, तर ऐकून घ्या.

मला घडवताना आधी लाकूड वाळवलं, वाकवलं, मग माझ्या पोटात लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यावर शेकड्यांनी तारा ताणल्या. लोक म्हणतात, पियानो किती शांत उभा असतो. शांत कसला? माझी एकेक तार रात्रंदिवस ओढ घेत असते. चौकट नसती तर मी केव्हाच दुमडून पडलो असतो. तेव्हा ताण म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पहिल्या घरात मी दिवाणखान्याची शोभा होतो. माझ्यावर फोटो असत, फुलदाणी असे, बाईसाहेबांचा चष्मा हरवला की तोही माझ्यावरच सापडे. वाजवत मात्र कुणी नव्हतं. पाहुणे एखादी पट्टी दाबत, ‘वा’ म्हणत आणि खायला बसत. वस्तू विकत घेतली की विद्याही सोबत येते, असं माणसांना का वाटतं कोण जाणे. पुढे ते घर रिकामं झालं आणि मला या सभागृहात आणून टाकलं. ओल धरलेला, बेसूर, पट्ट्या खिळखिळ्या झालेल्या.

तिथे मला बाबा भेटले.

ते इथले ट्यूनर. सगळे त्यांना काका म्हणतात, पण त्यांची सून बाबा म्हणते आणि मलाही तेच बरं वाटतं. ते आले, झाकण उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, “अरेरे, काय हाल केलेत तुझे.” माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मग त्यांनी खुंटीवर चावी घातली आणि एकेक तार सुरात आणली. माझ्या बहुतेक सुरांना तीन तीन तारा असतात. तिन्ही तंतोतंत जुळल्या तर सूर एक येतो, नाहीतर भावकीसारखा कलकलाट. बाबा दोन तारांना लोकरीच्या नमद्याची पाचर लावून गप्प करीत, तिसरी लावीत, मग बाकीच्या दोघी तिच्याशी जुळवीत. घाई नाही, बडबड नाही.

सूनही माझ्यावरच मोठी झाली असं म्हणायला हरकत नाही. लग्नाआधी ती या शाळेत शिकत होती. मूल झाल्यावर काही वर्षं तिचं वाजवणं सुटलं. लोक विसरले. आणि मग वाद्यवृंदासोबत वाजवायचं बोलावणं आलं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती टिकली तर टिकली, नाहीतर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्या दिवशी बाबांनी सकाळीच येऊन मला लावलं होतं.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. गेली काही वर्षं बाबा माझे वरचे सूर चढे लावत होते. त्यांना ते उतरलेले वाटत, म्हणून ते चावीला आणखी थोडा नेट देत. सुरुवातीला वाजवणारे खूश होते. “काका, वरच्या सुरांना काय चमक आणलीत.” बाबा लाजून हसत. ती चमक नव्हती हो. त्यांचे कान वरच्या सुरांपासून झिजत चालले होते. मी सांगणार कसा?

दुपारी तालीम सुरू झाली आणि फ्लूटवाल्याने मध्येच वाद्य खाली घेतलं.

“हे जुळत नाही. वर गेलं की पियानो चढतोय.”

बाबा पहिल्या रांगेतून म्हणाले, “फ्लूट गार असला की उतरतो. जरा गरम कर.”

“काका, तासभर फुंकतोय. अजून किती गरम करू, चुलीवर ठेवू?”

वादक हसले. वाद्यवृंदाचे संचालक हसले नाहीत. ते हातातली काठी हलवून सगळ्यांना हाकतात, म्हणून वादक त्यांना पाठीमागे गुराखी म्हणतात. गुराख्यांनी माझी वरची पट्टी दोनदा वाजवली आणि व्यवस्थापकाला सांगितलं, “पलीकडच्या सभागृहातल्या ट्यूनरला बोलवा. आत्ताच्या आत्ता.”

बाबांचा चेहरा पडला. माझ्याजवळ दुसऱ्या कुणी चावी घेऊन यायचं, तेही त्यांच्यादेखत.

“थांबा जरा,” सून म्हणाली. “मला थोडा वेळ द्या. पियानो मला नीट बघायचाय. तुम्ही सगळे चहा घेऊन या.”

“लोक यायला लागतील,” व्यवस्थापक म्हणाला.

“येऊ देत. दारं माझं झाल्याशिवाय उघडू नका.”

सभागृह रिकामं झालं. बाबा उगाच पिशवीतली हत्यारं खालीवर करत राहिले. सून म्हणाली, “बाबा, इथे या. हा कसा वाटतो सांगा.” तिने वरची एक पट्टी दाबली.

“बरोबर आहे.”

“आणि हा?”

या वेळी तिने पट्टी इतकी हळू दाबली की माझी हातोडी तारेपर्यंत पोचलीच नाही. बाबा पट्टीकडेच बघत होते.

“हाही ठीक. जरा हलका वाजवलास, एवढंच.”

सुनेने हात मांडीवर घेतला. बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

“वाजलाच नव्हता ना?”

तिने होकाराची मान हलवली.

“हातोडीची टकटक येते गं कानात. सूर येत नाही,” ते म्हणाले. “वाटलं, इतक्या वर्षांचा हात आहे, निभावून नेईल.”

“घरात दाराची घंटी वाजते आणि तुम्ही पेपर वाचत बसता. मला वाटायचं, मुद्दाम उठत नाही.”

“तेही असतंच कधीकधी.”

तिला हसू आलं, पण डोळे भरले होते. “बाबा, एक मोठा रचनाकार ठार बहिरा झाल्यावरही लिहीत होता.”

“त्याला लिहायचं होतं. मला सूर लावायचाय.” त्यांनी चावी तिच्यापुढे धरली. “बोलाव त्या दुसऱ्याला. तुझी संध्याकाळ माझ्यापायी जायला नको.”

तिने चावी घेतली नाही. “माझ्या हाताला ते वळण नाही. कान माझे घ्या, हात तुमचा. मी सांगते तसं फिरवा.”

मग सुरू झालं. ती पट्टी वाजवायची, बाबा खुंटी फिरवायचे. “उतरवा. अजून. अजून थोडं. बास, आता जास्त उतरलं.” बाहेर पावलं वाजू लागली होती. दाराशी कुणीतरी कुजबुजत होतं. तार सैल केली की पुन्हा किंचित ताणून बसवावी लागते, नाहीतर वाजवताना घसरते. माझ्या तारा जुन्या. प्रत्येक वेळी मी जीव मुठीत धरून होतो. रचनेच्या अगदी शेवटी वाजायच्या सुराची पहिली तार बसली, दुसरी बसली, आणि तिसरी ताणताना फाडकन तुटली.

हा आवाज मात्र बाबांना ऐकू आला.

त्या संध्याकाळच्या रचनेत अखेरीला सगळी वाद्यं थांबतात आणि तो एकच सूर एकटा वाजतो. तो नाही आला, तर आधीचं सगळं पाण्यात. नवी तार चढवायला वेळ नव्हता, आणि चढवली तरी नवी तार लगेच ताण सोडते.

बाबांनी तुटलेली तार काढून घेतली. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं. “दोन आहेत अजून,” ते म्हणाले. “तीन भावांचं घर दोघांवर उभं राहतं. तू फक्त हात हलका ठेव.”

गुराखी आत आले, त्यांनी पट्टी वाजवून पाहिली, पुन्हा पाहिली. “आता ठीक आहे. कुणी लावलं?”

“बाबांनी,” सून म्हणाली. खोटं नव्हतं.

दारं उघडली. ती वाजवू लागली आणि मी अंगातली प्रत्येक तार धरून बसलो. मधल्या भागात तो सूर दोनदा येऊन गेला. दोन्ही तारा कण्हल्या, पण टिकल्या. मग एकेक वाद्य थांबलं. सुनेने बोट उचललं आणि पट्टीवर टेकवलं. माझी हातोडी त्या दोन तारांपर्यंत गेली, आणि सूर आला. बारीक आला, पण सरळ आला.

बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांना तो ऐकू येणार नव्हता. ते तिच्या बोटाकडे बघत होते आणि त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या, आला का विचारल्यासारख्या. लोक अजून श्वास रोखून होते. सुनेने पट्टीवरून बोट न काढता त्यांच्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. त्यानंतर टाळ्या सुरू झाल्या.

आता बाबांकडून शिकून चावी सून फिरवते. बाबा तिच्याशेजारी स्टुलावर बसतात आणि माझ्या कुशीच्या लाकडावर तळवा टेकवतात. लाकडातून जे येतं, ते त्यांना अजून कळतं. “घाई करतेस,” एवढंच म्हणतात. पुष्कळदा बरोबर असतं.

माझी चौकट थकली आहे. माझ्या जागी नवा पियानो आणायचं चाललं आहे, असं व्यवस्थापकाच्या बोलण्यात आलं. माझी तक्रार नाही. फक्त तो आणाल तेव्हा भिंतीला अगदी चिकटवू नका. त्याच्या कुशीला एक स्टूल मावेल इतकी जागा ठेवा. बाबा येतील.