शेचाळीस नकार

घरात तिला बारकी म्हणत. वय बेचाळीस, चष्म्याचा नंबर चार, तरी बारकीच. कारण सहा वर्षांनी मोठी ताई हा हक्क सोडायला तयार नव्हती. प्रयोगशाळेत मात्र बारकीचा दरारा होता. रक्त काढायचं, त्यातला जनुकांचा भाग वेगळा करायचा, नळीवर नंबर चिकटवायचा आणि नळी फ्रीजरमध्ये ठेवायची, हे तिचं काम. एकोणीस वर्षांत तिने एकाही नळीवर चुकीचा नंबर चिकटवला नव्हता, आणि ही गोष्ट ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी ऐकवत असे.

संशोधन होतं हृदयाच्या आनुवंशिक आजारांवर. आजारी माणसांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्तही लागतं, आणि घोडं अडायचं ते तिथेच. आजारी माणूस सुईसाठी हात पुढे करून बसतो. धडधाकट माणसाला सुई दिसली की नेमकी कामं आठवतात. तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. सोमवारी जनुकं वाचणारं मशीन मिळणार होतं, शुक्रवार उजाडला तरी निरोगी गटातली पन्नासेक माणसं कमी पडत होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दर तासाला दारातून डोकावून "किती झाले?" असं विचारत होत्या.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न असे. ‘तुमच्या तब्येतीच्या दृष्टीने महत्त्वाचं काही आढळलं तर तुम्हाला कळवावं का?’ खाली दोन चौकटी, हो आणि नाही. ‘हो’ म्हणणाऱ्याला आणखी तीन पानं भरावी लागत आणि समुपदेशक बाईंसमोर अर्धा तास बसावं लागे. बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. म्हणजे एकाने जरी ‘हो’ म्हटलं तरी त्याचं रक्त सोमवारच्या मशीनला मुकणार.

बारकीने सकाळी लवकर येऊन पन्नास कोऱ्या फॉर्मवर ‘नाही’च्या चौकटीत निळ्या पेनाने खूण करून ठेवली. तिच्या मते यात लबाडी नव्हती, सोय होती. लोक वाचत नाहीत, बोट ठेवाल तिथे सही करतात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. मग तिने रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागांत रुग्णांबरोबर आलेल्या नातेवाइकांना गाठलं, गोड बोलून, थोडं गयावया करून एकेकाला खुर्चीत बसवलं. पहिली बसवली ताईला. खास बोलावून घेतली होती तिला, एक बाई हसत रक्त देतेय हे बघून बाकीच्यांची भीड चेपावी म्हणून. संध्याकाळपर्यंत शेचाळीस झाले. एकानेही शेवटचं पान वाचलं नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि ती खुशीत घरी गेली.

तीन वर्षांत ती हे साफ विसरूनही गेली.

मग एका मंगळवारी बैठकीत आकडेशास्त्रींनी यादी काढली. आकडेशास्त्री म्हणजे संगणकावर निकाल तपासणारे गृहस्थ. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे वापरात नव्हतं. त्यांनी एकसुरी आवाजात वाचलं, "निरोगी गटात ज्यांनी ‘हो’ म्हटलं होतं, त्यांना आपण सव्वा वर्षापूर्वी निकाल आल्या आल्या कळवलं. ‘नाही’वाल्यांमध्ये दोन नंबर आहेत, एकशे एक आणि एकशे सदतीस. दोघांच्याही जनुकांत हृदयाचा स्नायू जाड करणारा बदल आहे."

"दोघांनी कळवू नका म्हटलंय?" मॅडमनी विचारलं.

"स्पष्ट खूण आहे."

"मग तो त्यांचा हक्क आहे. पुढचा विषय काय, एसी?"

एसीच्या दुरुस्तीवर पंधरा मिनिटं चर्चा झाली. बारकीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. एकशे एक म्हणजे त्या शुक्रवारची पहिली नळी. एकशे एक म्हणजे ताई.

या आजाराची खोड तिला पाठ होती. माणूस वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो, जिना चढताना धाप लागली तर वयाला बोल लावतो आणि एक दिवस कोसळतो. वेळेवर कळलं तर गोळ्या आहेत, छातीत बसवायचं यंत्र आहे, माणूस म्हातारा होऊन मरतो. वेळेवर कळलं तर.

त्यानंतर बारकीने जे केलं ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिने आधी स्वतःचं रक्त काढलं. सख्खी बहीण, तेव्हा आपल्यातही निम्मी शक्यता, हे गणित तिला ताईच्या काळजीच्या आधी सुचलं होतं. मशीनची चाचणी म्हणून एक नळी जास्त लावली आणि सहा दिवस ताईचा फोन उचलायचं टाळलं. सातव्या दिवशी निकाल आला. तिच्यात काही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची इतकी किळस आली की ती हात धुवायच्या बेसिनपाशी बराच वेळ नुसती उभी राहिली.

रविवारी ती ताईकडे गेली. ताई पडदे शिवून द्यायची. घरभर कापड पसरलेलं होतं. बसायला जागा करायच्या आत बारकीने सगळं सांगून टाकलं. आजार काय, उपाय काय, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, लेकीचीही तपासणी कशी करायची. ताईने शिलाई मशीनवरचा पाय काढला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हे कधीपासून माहितेय तुम्हा लोकांना?"

"निकाल येऊन सव्वा वर्ष झालंय. पण तुझ्या फॉर्मवर ‘कळवू नका’ होतं."

"मी असं कशाला लिहीन?"

"तू नाही लिहिलंस. मी लिहिलं होतं. आधीच."

"का गं?"

"घाई होती."

याहून बरं कारण तिच्याकडे नव्हतं. ताई ओरडली असती तर बारकीला सोसलं असतं. लहानपणापासून सवय होती. पण ताईने नुसती कापडाची कड बोटांनी सरळ केली.

"त्या दिवशी किती जण होतो आम्ही?"

"शेचाळीस."

"सगळ्यांचं तूच लिहिलंस?"

"हो."

"माझ्यासारखं अजून कुणाचं निघालं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ताईला कधीच कळलं नसतं.

"एकाचं."

"त्याला सांगितलंस?"

"नाव माहीत नाही मला. नावांची यादी कुलपात असते. ती उघडायची तर मॅडमना सगळं सांगावं लागेल. नोकरी जाईल गं माझी."

"म्हणजे मी तुझी बहीण, म्हणून वाचले." ताईने दोरा तोडला. "मला डॉक्टरकडे भावजी नेतील तुझे. तू उद्या आधी तुझ्या मॅडमकडे जा."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि म्हणाल्या, "बैठकीत मी ‘त्यांचा हक्क’ म्हणाले, तेव्हा तू समोर बसली होतीस." चौकशी लागली. नळ्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. शेचाळीस जणांना पुन्हा विचारायचं, असं समितीने ठरवायला महिना लावला. ताईच्या हृदयाची भिंत जाड झालेलीच निघाली. तिच्या गोळ्या सुरू झाल्या आणि लेकीचं रक्त तपासायला गेलं. बारकी रोज विचारायची, ताई रोज बरं आहे म्हणायची, आणि फोन पूर्वीपेक्षा लवकर संपायचा.

"फोन समुपदेशक करतील," मॅडमनी सांगितलं. "तू शेजारी बसायचं. खूण कुणी केली, ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं. प्रत्येकाला."

सुरुवात एकशे सदतीसपासून झाली. आता त्याला नाव होतं, पत्ता होता. बारकीने त्याचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. रक्त काढताना त्याचा हात तिच्या हातात होता, पण काहीच आठवेना.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे एका बाईने उचलला. समुपदेशक बाईंनी ओळख सांगितली, एकशे सदतीसचं नाव घेतलं आणि त्यांना फोन द्याल का म्हणून विचारलं.

"ते नाहीत," ती म्हणाली. "गेले. सात महिने झाले."

बारकीने बोटांवर मोजलं. ते गेले तेव्हा निकाल येऊन नऊ महिने झाले होते.

"कशाने, ते विचारू का?" समुपदेशक बाई म्हणाल्या.

"हृदय, म्हणाले डॉक्टर. खुर्चीतल्या खुर्चीत. एकेचाळिसावं चालू होतं." बाई बोलत राहिली. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नसावं. "आधी एक-दोनदा छातीत धडधडलं होतं. मी म्हटलं, दाखवून येऊ. तर म्हणाले, एवढं नळीभर रक्त घेतलंय त्या लोकांनी तपासायला, काही असतं तर कळवलं असतं की."

समुपदेशक बाईंनी बारकीकडे पाहिलं आणि फोन तिच्या पुढ्यात सरकवला. फोन ठेवून द्यावा असं बारकीला फार वाटलं. पण पलीकडे सांगायचं अजून बाकी होतं, आणि ते कळवल्याशिवाय चालणार नव्हतं.

"तुम्हाला मुलं आहेत का हो?" तिने विचारलं.

"दोन. का?"

"त्यांचं रक्त तपासायला हवं. लवकर," बारकी म्हणाली. "का ते सांगते. तुमच्या मिस्टरांचं रक्त मीच काढलं होतं."