लाल गाडीचा अर्धा नेम

“रोज एकदा गाडी सुरू कर, राजेश्वरी. उभी राहू देऊ नको तिला.”

अप्पा, म्हणजे माझे सासरे, हे बोलले तेव्हा दवाखान्यात होते आणि मी त्यांच्या कपाळाला विभूती लावत होते. पुढेही त्यांनी काहीतरी सांगितलं, पण मी पाठ केलं ते एवढंच. मी शब्द दिला, आणि दिलेल्या शब्दाचा माझ्या हातून नेम होतो.

अप्पा गेले, त्याला दोन वर्षं झाली. पहाटे अंघोळ, लिंगपूजा, आणि मग पाण्याचा घोटही न घेता मी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते. तिथे अप्पांची लाल गाडी आहे, तीस वर्षांची, शर्यतीसाठी तयार करून घेतलेली. किल्ली फिरवायची, एक माळ जप करायचा, किल्ली बंद. एका माळेहून जास्त मला सोसतच नाही. माझं बोलणं शेजारच्या खोलीत पोचत नाही आणि हिचं पार सात रस्त्याच्या चौकापर्यंत जातं. ही सुरू झाली की पलीकडची रेश्मा दचकते. तिच्या उतू गेलेल्या दुधाचं पाप माझ्याच माथी.

एवढी सेवा करूनही गेल्या आठ महिन्यांत गाडीचा डिस्ट्रिब्युटर तीनदा गेला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे दासोहातला, मठातल्या अन्नदानाच्या पंगतीतला वाढपी. चारही प्लगना आळीपाळीने ठिणगी वाढायची एवढंच त्याचं काम. पण एखाद्या रविवारी आमचे हे गाडी बाहेर काढायला गेले की वाढपी पंगतच चुकवायचा, आणि गाडी फटफट करत फाटकातच बसायची. त्याचं नवं झाकण, आत फिरणारा नवा रोटर घातला की दोन-अडीच महिने बरे जायचे. मग पुन्हा तेच.

पहिल्यांदा ह्यांनी उंदरांना दोष दिला. दुसऱ्यांदा माझ्या विभूतीला. “स्टिअरिंगला लावतेस ती उडून आत जात असेल.” मी महिनाभर विभूती लावली नाही, फक्त मनात ‘शिवा’ म्हटलं. तिसऱ्यांदा अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या की दृष्ट लागली, आणि त्यांनी बंपरला लिंबू बांधलं. लिंबू अजून आहे. सुकून सुपारी झालंय.

परवाच्या रविवारी गाडी चौथ्यांदा बसली, तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, “बास झालं. उद्या सकाळी अकलूजहून दिग्विजयराव येतायत. जुन्या गाड्यांचा शौक आहे त्यांना. घेऊन जातील.”

मी म्हटलं, “बसू मिस्त्रींना एकदा बोलवा ना.” ते कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी मीच फोन केला.

बसू मिस्त्री शर्यतीच्या दिवसांत अप्पांच्या शेजारच्या सीटवर बसायचे. आता गुडघे गेलेत, म्हणून स्टुलासकट आले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि ह्यांना दाखवलं. बोट ओलं होतं.

“पावसात न्हेली व्हती?”

“पाऊस कुठंय, बसूकाका? दोन महिने थेंब नाही.”

“पाइप मारून धुतली?”

“नाही.”

मग त्यांनी इंजिनात तेल ओतायचं बूच काढलं. बुचाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर होता.

अत्ती वाकून म्हणाल्या, “अय्यो शिवा! इंजिनाला विरजण कुणी लावलं?”

“तेलात पानी मिसळलंय, अक्का. गाडी चालू कोन करतं?”

“चालवत कुणीच नाही,” हे म्हणाले. “उभीच असते.”

“मी,” मी म्हणाले.

“उंदीर असणार, मी पहिल्यापासून सांगतोय,” हे म्हणाले.

“मी करते!” एवढ्या मोठ्यानं मी लग्नात उखाणासुद्धा घेतला नव्हता.

बसू मिस्त्रींनी स्टूल माझ्याकडे वळवलं. “किती येळ, वैनी?”

“एक माळ.”

“माळ म्हंजे किती किलोमीटर?”

“चार मिनिटं.”

त्यांनी सगळं पुसून, फुंकून कोरडं केलं, आणि माझ्याकडून माझा नेम सगळ्यांसमोर करून घेतला. किल्ली, माळ, किल्ली बंद. हे घड्याळ बघत उभे. अर्ध्या तासानं मिस्त्रींनी झाकण उघडलं. आत बारीक थेंब चमकत होते.

“भाताचं झाकन कसं आतून घामतं? तसंच हाय हे. पेट्रोल जळलं की पान्याची वाफ व्हती. इंजिन नीट तापलं तर ती भाईर जाती. तुमी तापायच्या आदीच बंद करताय. मग ती आतच थिजती, न् हितं चढून सगळं गंजवती. झाकनं बिचारी चांगली व्हती.”

म्हणजे उंदीर नाही, विभूती नाही, दृष्ट नाही. माझी भक्ती.

“पण अप्पांनीच सांगितलं होतं, रोज सुरू कर म्हणून,” मी पुटपुटले.

“एवढंच?” मिस्त्री हसले. “मला तर म्हनायचे, रोज चालू कर, आन् सोमवारी अक्कलकोटला पळीव. तापल्याबिगर घरी आनू नको.”

मी खाली बघितलं. अप्पांनी तेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द. मी सोपा तेवढा नेम धरला आणि अवघड तेवढा सोडून दिला. गाडी चालवायला मला अप्पांनीच शिकवलंय, लायसन्सही आहे. पण त्या आवाजासकट गावातून जायचं, लोक वळून बघणार, या संकोचानं मी फाटकाबाहेर गेले नव्हते.

मिस्त्रींनी तेल बदललं, चौथं झाकण बसवलं. हे म्हणाले, “दुखणं कळलं ते बरं झालं. पण दर सोमवारी हिला पळवणार कोण? मला बँक आहे. उद्या दिग्विजयराव येतील ते येऊ देत.”

सोमवारी पूजा आटोपली, माळ गळ्यात ठेवली. ह्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिली: “अक्कलकोटला जाते. तापल्याशिवाय परत येणार नाही. दिग्विजयरावांना चहा द्या. भाताचं झाकण तिरकं ठेवलंय, तसंच राहू द्या.”

शेडचं दार उघडलं, तर पुढच्या सीटवर अत्ती बसलेल्या. मांडीवर पिशवी, हातात बंपरचं लिंबू. “आता कशाला हे?” म्हणत त्यांनी ते खिडकीतून बागेत टाकलं.

मी किल्ली फिरवली. पलीकडे रेश्माच्या घरात भांडं पडलं.

“शिवा,” मी हळूच म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.